मदत हवी आहे: इलेक्ट्रॉनवरून टाउरी २ वर जाताना मराठी पावतीची छपाई

मंडळी, बिलिंगचं ॲप आहे, ते इलेक्ट्रॉनवरून टाउरी २ वर न्यायचंय (दोन्ही वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायची साधनं). रिॲक्ट आणि एसक्यूलाइट, विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ दोन्हींवर चालायला हवं. इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपबरोबर अख्खं क्रोमियम पाठवतो, टाउरी सिस्टिमचाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतो. इन्स्टॉलर हलका होतो, म्हणून हा खटाटोप.

अडलंय ते छपाईत. इलेक्ट्रॉनमध्ये सायलेंट प्रिंटचा, म्हणजे डायलॉग न उघडता छापण्याचा, पर्याय होता. इथे विंडो.प्रिंट केलं की डायलॉग उघडतो, आणि काउंटरवर रांग असताना तो कोण बंद करत बसणार? म्हणून रस्टमधून (टाउरीची मागची बाजू याच भाषेत असते) प्रिंटरला थेट ईएससी/पीओएस कमांड, म्हणजे पावती प्रिंटरांच्या आज्ञा, पाठवायच्या. पण स्वस्त थर्मल प्रिंटरांत देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे पावती कॅनव्हासवर काढून चित्र म्हणूनच द्यावी लागते: ८० मिमी कागद, २०३ डीपीआय, रुंदी ५७६ ठिपके, म्हणजे ओळीला ७२ बाइट. १२०० ओळींची पावती ८६ केबीच्या आसपास जाते. यूएसबीवर ठीक, ९६०० बॉडच्या सीरियलवर दीड मिनिट!

विचारायचं हे:

चित्राच्या किती ओळींच्या पट्ट्या करता? सगळं एकदम पाठवलं की बफर भरतो आणि खाली कचरा छापला जातो.

२४ पिक्सेलच्या अक्षरात काळा-पांढरा करताना शिरोरेषा तुटते. थ्रेशोल्ड (किती गडद ठिपका काळा धरायचा ती मर्यादा) वाढवावा, की सरळ जाड वजनाचा फॉन्ट घ्यावा?

विंडोजवर वेबव्ह्यू२ आणि लिनक्सवर वेबकिटजीटीके, त्यामुळे ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात. जोडाक्षरांची जुळणी रस्टमध्येच रस्टीबझ या लायब्ररीने केलेली बरी का?

फॉन्ट लोड होईपर्यंत थांबणं आधीच केलंय, ते सुचवू नका.