अफगाणिस्तानच्या टीमला इंटरनॅशनल क्रिकेटमधून बाहेर काढावं का?

परळची मीनल: ७ नोव्हेंबर २०२३ ला मी वानखेडेवर होते, ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान, मॅक्सवेलच्या नाबाद २०१ वाली मॅच. त्याआधी इब्राहिम झद्रानने नाबाद १२९ मारले, वर्ल्ड कपमधली अफगाणिस्तानची पहिली सेंच्युरी, अख्खं स्टँड उभं राहिलं, मीपण. पण परतताना लोकलमध्ये डोक्यातून जाईना की तिथल्या पोरींना बॅटच हातात घेता येत नाही. २०२० मध्ये त्यांच्याच बोर्डाने २५ जणींना कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, ऑगस्ट २०२१ ला तालिबान आलं आणि संपलं सगळं, बऱ्याच जणी जीव मुठीत धरून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मग पुरुषांची टीम कशी काय खेळते? काढा बाहेर.

गिरगावकर: अजिबात नाही पटलं. तालिबान काय त्यांच्या स्टार बोलरने, रशीद खानने आणलं का? २०२४ च्या डिसेंबरमध्ये मुलींचं मेडिकलचं शिक्षण बंद केलं तेव्हा हाच माणूस उघड बोलला, तोंड बंद ठेवणं सोपं होतं त्याला. त्याला घरी बसवून तालिबानचं काय बिघडणार? वर्णभेदामुळे साउथ आफ्रिकेला बाहेर काढलं तेव्हा त्यांचा बॅरी रिचर्ड्ससारखा बॅट्समन ४ टेस्ट खेळून संपला, आठवतंय ना.

पार्कातला काका: आठवतंय, आणि म्हणूनच सांगतो. १९७४ ला आपण टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचलो होतो, समोर साउथ आफ्रिका, आपण खेळलोच नाही, कप त्यांना न खेळता मिळाला. अमृतराज बंधूंच्या हाताशी आलेला कप होता तो, वाईट वाटलं, पण बरोबरच केलं. शेवटी १९९१ ला ते क्रिकेटमध्ये परत आले ते आपल्याच ईडन गार्डनवर.

गिरगावकर: काका, तिथे टीमच रंग बघून निवडायचे, इथे तसं कुठाय?

परळची मीनल: इथे अर्धा देश निवडीतच नाही रे, अजून काय पाहिजे?

गिरगावकर: ठीके, पण मग सगळ्यांना एक नियम लावा. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्येच महिलांच्या हक्कांचं कारण देऊन अफगाणिस्तानबरोबरची वनडे सिरीज सोडली, आणि त्याच वर्षी वानखेडेवर त्यांच्याशीच खेळले कारण तिथे सेमीफायनल अडकली होती. आणि एकदा राजकारणाला ग्राउंडवर घेतलं की ते कुठवर येतं ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको, १९९१ ला पाकिस्तान येणार म्हणून याच वानखेडेचं पिच खणलं होतं.

बोरिवली फास्ट: तुम्ही दोघं भांडताय, पण त्या पोरी काय म्हणतात ते बघा की. २०२४ मध्ये त्यांनी आयसीसीला पत्र लिहून रेफ्युजी टीम मागितली, पुरुषांवर बंदी नाही मागितली. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नला त्या पहिल्यांदा एकत्र मॅच खेळल्या, साडेतीन वर्षांनी.

परळची मीनल: पत्राचं माहितीये, आणि हो, बंदीपेक्षा ते आधी व्हायला हवं, एवढं मान्य. पण नुसती मदत नको, त्यांना टीम म्हणून मान्यता द्या, आणि ती मिळेपर्यंत आयसीसीने त्या बोर्डाचे पैसे रोखावेत, यावरून मी हलणार नाही.

गिरगावकर: पैसे रोखा, चालेल. पोरांना खेळू द्या.