मदत हवी आहे: पुण्याच्या कंपनीची व्हिडिओ मुलाखत, घर खानापूर तालुक्यात

नंदगडकर:
धाकट्या भावाची येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी गूगल मीटवर मुलाखत आहे. डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, सध्या बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये आहे. समोरासमोर छान बोलतो, पण कॅमेरा लागला की गप्प होतो. घरात फायबर नाही, मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप चालवायचा. छपरावर पत्रे. करंटचा काही भरवसा नाही. आधी कशाकडे बघायचं? कपडे, खोली, नेट की बोलणं?

मायक्रोमीटर:
आवाज, बाकी सगळं नंतर. चेहरा थोडा अंधारात असला तरी मुलाखत निभावते. आवाज तुटायला लागला की समोरचा दोनदा "पुन्हा सांगा" म्हणतो आणि तिसऱ्यांदा प्रश्न आवरता घेतो. मग उमेदवाराला येत असूनही त्याच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही.

वायरचे माईकवाले इअरफोन घ्या. ब्लूटूथचा माईक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो, शिवाय बॅटरीची चिंता. जुन्या लॅपटॉपला हेडफोन आणि माईकची दोन वेगळी भोकं असतील तर मोबाईलच्या इअरफोनचा माईक चालणार नाही, स्प्लिटर लागतो. हे बुधवारी नाही, आजच बघा. माईक कॉलरला घासू देऊ नका.

पत्र्याखाली अजिबात बसू नका. पाऊस पत्र्यावर वाजतो, आणि मीटचं नॉइज कॅन्सलेशन (नको तो आवाज गाळणं) पावसाबरोबर शब्दांच्या कडाही खातं. पाहुण्यांपैकी कुणाचं स्लॅबचं घर असेल तर दोन तासांसाठी एक खोली मागून घ्या. मात्र रिकामी, फरशीची खोली घुमते. समोरच्या भिंतीशी दोन गोधड्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं. त्या कॅमेऱ्याच्या मागे येतात, कुणाला दिसत नाहीत.

अनगोळ वायरिंग:
नेटचं मी सांगतो. हॉटस्पॉटपेक्षा केबल लावून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला द्या. जोडणी स्थिर राहते आणि फोन लॅपटॉपवरून चार्जही होतो. फोन खिडकीत ठेवता येईल एवढी लांब केबल घ्या. ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये ४जी पक्कं करून टाका, सारखी उडी मारण्यातच आवाज तुटतो.

दोन सिम असतील तर दुसरं बंद करा. बऱ्याच फोनवर दुसऱ्या सिमला कॉल आला की पहिल्याचा डेटा थांबतो. घरच्यांना वाटतं नेट गेलं, आणि प्रत्यक्षात मामांचा फोन आलेला असतो.

रोजच्या डेटाचं विसरू नका. स्वच्छ चित्राच्या कॉलला तासाला एक-दीड जीबी सहज जातो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हिडिओ चालत नाही. म्हणजे गुरुवारी सकाळी रील्स बंद. विंडोजचे अपडेटही आदल्या दिवशी थांबवून ठेवा, ते गुपचूप डेटा ओढतात.

हेस्कॉमच्या (आपल्याकडची वीज कंपनी) दुरुस्तीच्या वेळा बहुतेक आदल्या दिवशी पेपरात येतात, तेवढ्या बघा. लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकते का हे चार्जर काढून, मीट चालू ठेवूनच तपासा. नुसता चालू ठेवून तपासलं तर फसाल, कॅमेरा बॅटरी जास्त खातो.

शहापूर स्टुडिओ:
खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे असली की कॅमेरा उजेडाकडे बघून चेहरा काळा करतो. पांढऱ्या शर्टाचंही थोडं तसंच, म्हणून फिका निळा किंवा राखाडी घाला. बारीक रेघांचा नको, स्क्रीनवर रेघा थरथरतात.

पावसाळ्यात ११ वाजताही आभाळ भरतं, तेव्हा एक ट्यूब लॅपटॉपच्या मागच्या बाजूला, डोक्यापेक्षा उंच हवी. ट्यूब आणि चेहरा यांच्यामध्ये पंखा फिरत असेल तर उजेड लुकलुकतो. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ५० करा, आपली वीज ५० ची.

लॅपटॉपखाली चार-पाच जाड पुस्तकं ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. अंतर हातभर. व्हर्च्युअल बॅकग्राउंड नको, कान आणि केस गायब होतात. साधी भिंत कधीही बरी.

नंदगडकर:
धन्यवाद. ड्रॉइंग किंवा जॉब दाखवायला सांगितलं तर? आणि अडखळायचं काय करायचं?

मायक्रोमीटर:
लॅपटॉपचे बरेच कॅमेरे फिक्स फोकसचे असतात. जॉब (बनवलेला भाग) कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला की धूसर होणारच, दीड फुटावर धरा. स्वतःच्या चौकटीत अक्षरं उलटी दिसतील, घाबरू नका, समोरच्याला सरळच दिसतात. ड्रॉइंग मात्र पीडीएफ करून तयार ठेवा आणि शेअर करताना अख्खी स्क्रीन न देता तेवढीच विंडो द्या. सध्याच्या कंपनीचं ड्रॉइंग चुकूनही दाखवू नका, समोरचे लोक तेवढ्यावरूनच नाही म्हणतील. हाताने काढलेलं स्टेप्ड शाफ्टचं (टप्प्याटप्प्याने जाडी बदलणारा दांडा) स्केच पुरे.

आकडे नेटवर हरवतात. "शून्य दशांश शून्य एक" मिलिमीटर मधलं एक शून्य गळलं की मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) दहापट चुकतो. "टेन मायक्रॉन" म्हणा. फिट (भोक आणि शाफ्ट किती घट्ट-सैल बसतात) विचारले तर २५ एच७ म्हणजे २५ मिलिमीटरच्या भोकाला प्लस २१ मायक्रॉन आणि शून्य एवढी सूट, असं सावकाश बोला आणि तेच चॅटमध्ये टाका. क्वालिटीच्या माणसाची सवय त्यातूनच दिसते.

अडखळण्यावर: मीटमध्ये स्वतःची चौकट लहान करता येते किंवा लपवता येते, ती लपवा. निम्मी घबराट स्वतःचा चेहरा बघण्यातून येते. प्रश्न संपल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर दोघांचं बोलणं एकमेकांवर चढतं. कॅमेऱ्याशेजारी चिठ्ठी लावायची तर तीन-चार शब्दांचीच. पूर्ण वाक्यं लिहिली तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात.

अनगोळ वायरिंग:
आणखी एक. "तुम्ही कर्नाटकातले ना?" असं विचारतीलच. "हो, बेळगाव जिल्हा, मराठी-हिंदी बोलतो, कन्नडही बोलता येतं, नोटीस इतक्या दिवसांची, पुण्यात राहायची तयारी आहे" एवढंच उत्तर. तिथे सीमाप्रश्न काढून बसू नये की, ते चहाच्या गाड्यावर. कन्नड वाचता येत नसेल तर "बोलता येतं, वाचता येत नाही" असं सांगा.

नंदगडकर:
लाईन तुटलीच तर?

मायक्रोमीटर:
एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. दोन मिनिटांत परत जोडता आलं नाही तर सरळ फोन करा आणि "आवाजावर पुढे चालू ठेवूया का?" विचारा. त्याच लिंकवर दुसऱ्या फोनवरून आत यायची तयारीही ठेवा, पण आधीच जोडून ठेवू नका, दोन माईक एका खोलीत आले की शिट्टी वाजते. आणि गूगल खात्याचं नाव आजच तपासा. भावाऐवजी एखाद्या किराणा दुकानाचं नाव स्क्रीनवर आलं तर पहिलं मिनिट खुलासा करण्यातच जाईल.