मदत हवी आहे: पावसाळ्यात बाळाचे कापडी वाइप्स वाळत नाहीत, कुबट वास येतो

आबोली
डिचोली तालुका. बाळ अडीच महिन्यांचं, अंगावरच्या दुधावर. कापडी वाइप्स ३० आहेत: फ्लॅनेलचे, दोन पदरी, चारी बाजूंनी शिवलेले, २० सेंमी चौरस. सकाळी उकळून निववलेल्या पाण्यात १५ भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवते. वापरलेले दिवसभर बादलीत पाण्यात, रात्री मशीनला. मे महिन्यात काहीच त्रास नव्हता. आता दोन दिवस दोरीवर राहूनही कडा ओल्या असतात, आणि वाळलेला वाइप भिजवला की लगेच कुबट वास येतो. वास जावा म्हणून ब्लीच घातलं तर तांबूस डाग उलट वाढले. पाणी विहिरीचं. बाळाला पुरळ नाही. कुठे चुकतंय?

पागोळी
धुण्यात फारसं चुकत नाहीये, कापडात चुकतंय. दोन पदरी फ्लॅनेल उन्हाळ्यासाठी ठीक. जुलैच्या झडीत हवाच इतकी दमट असते की दोन पदरांमधलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. कडेची शिवण चिमटीत दाबून बघा, मधला भाग कोरडा लागला तरी तिथे गारवा लागेल. वास तिथूनच सुरू होतो.

कडा उसवून पदर वेगळे करा, ३० चे ६० होतील. कडेला दर्जीकडून इंटरलॉक मारून घ्या. कापड नुसतं कापून ठेवू नका, सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. आणखी हवे असतील तर जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी सगळ्यांत उत्तम. एका साडीतून २० सेंमीचे शंभरावर तुकडे सहज निघतात. टेरिकॉट मिसळलेलं कापड नको, ते पाणी ओढत नाही, नुसतं पसरवतं.

किती लागतात? शूच्या वेळी १, शीच्या वेळी २-३. म्हणजे दिवसाला २० च्या आसपास. वाळायला दोन दिवस धरले तर ६० हाताशी हवेत.

कुळागर
डब्यात भिजवून ठेवणं आजपासून बंद करा. विकतच्या वाइप्समध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असतं, तुमच्या डब्यात नुसतं पाणी आहे. उकळलेलं असलं तरी हात लागला, झाकण उघडलं की संपलं. वाइप्स कोरडे ठेवा, शेजारी थर्मास आणि वाटी. लागेल तेवढंच पाणी वाटीत काढा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, बुडवा, पिळा, पुसा. उरलेलं ओता. पाण्यात तेल किंवा साबण घालू नका; तेल कापडात बसतं आणि मग कापड पाणी शोषत नाही. फॅब्रिक सॉफ्टनरचंही तेच.

वापरलेले दिवसभर पाण्यात बुडवून ठेवणंही नको. शीचे लगेच गार पाण्याखाली चोळून काढा (गरम पाण्याने डाग पक्का होतो), पिळा आणि जाळीच्या टोपलीत मोकळे टाका. मशीनमध्ये ६० अंशांवर, नेहमीची पावडर, एक जास्तीचं खळबळणं आणि शेवटी जास्तीचं स्पिन. हे जास्तीचं स्पिन पावसाळ्यात फार उपयोगी.

पागोळी
वाळवण्याबद्दल: बाल्कावात (घरापुढच्या उघड्या पडवीत) नको, पावसाचे तुषार आत येतात. खोलीत पंख्याखाली दोरी, दोन वाइप्समध्ये चार बोटं जागा. थोडे दमट असतानाच दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. पण लगेच घडी घालून रचू नका! इस्त्रीची वाफ घडीत अडकते आणि दुसऱ्या दिवशी तोच वास. पंधरा मिनिटं पसरून गार होऊ द्या.

तळी_काठ
तांबूस डागांचं. पाण्यात लोह दिसतंय. पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर उघडं ठेवा. तळाशी नारिंगी गाळ बसला तर तेच. ब्लीच या लोहाचा गंज करून कापडात बसवतं, म्हणून डाग वाढले. वरचं पाणी अलगद काढून, चार पदरी कापडातून गाळून धुवायला घ्या. जुने डाग: २ लिटर पाण्यात १ मोठा चमचा सायट्रिक ॲसिड, अर्धा तास, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. ब्लीच आणि ॲसिड किंवा लिंबू कधीही एकत्र नको, विषारी वायू होतो. शीचा पिवळा डाग वेगळा, तो ऊन पडलं की दोन-तीन तासांत आपोआप फिका होतो.

आबोली
गाळ बसतो, खात्रीच आहे. आजच उसवायला घेते. घरात दोन सूचना आहेत: कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या, आणि धुरीवर टोपली पालथी घालून त्यावर वाइप्स वाळवायचे. चालेल?

कुळागर
दोन्ही नको. डांबराच्या गोळ्या म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. कपड्यांतून नॅफ्थलीन अंगात गेलं की त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून बाळाच्या कुठल्याच कपड्यांत या गोळ्या नकोत. आधीच अशा गोळ्यांबरोबर कपाटात ठेवलेले कपडे असतील तर ते धुऊन, उन्हात किंवा वाऱ्यावर टाकूनच वापरा. धुरीचा धूर कापडात बसतो आणि बाळाच्या नाकाशी येतो. बंद खोलीत निखारे तर मुळीच नकोत. मोठ्यांना सांगताना इस्त्री दाखवा, शेक मिळाला की त्यांचंही समाधान होतं.

तळी_काठ
सध्याचा वास घालवायला एकदाच सगळे १० मिनिटं खळखळ उकळा, ब्लीच न घालता. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर बुरशी असू शकते: डॉक्टरांना दाखवा, आणि बरं होईपर्यंत रोजच उकळा.

आबोली
बाहेर जाताना?

पागोळी
१० कोरडे, पाण्याची छोटी बाटली, वापरलेल्यांसाठी चेनची प्लास्टिक पिशवी. घरी आल्याबरोबर पिशवी रिकामी करा. ओले वाइप्स तसेच बंद राहिले तर बुरशीचे काळे ठिपके पडू शकतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत.