वीजलाइनखालचा निंब: शेंडा उडवायचा, समूळ काढायचा की वळवायचा?

तापीकाठ: मे महिन्यात मान्सूनपूर्व कामं निघतात आणि आमच्या यावल-रावेर पट्ट्यात रस्त्याकडेचे निंब वरून सपाट छाटले जातात. फांद्या तोडायलाच हव्यात, त्यात वाद नाही. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेला फांदी घासली की फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी आमची लाइन, ट्रिप होऊन बंद पडते, आणि वादळात तीच फांदी तार घेऊन खाली येते. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. शेंडा उडवला की कापलेल्या टोकाभोवती धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. ते धुमारे सरळ तारेकडे जातात, आणि त्यांचा जोड वरवरचा असल्याने वाऱ्यात पटकन निखळतात. त्यापेक्षा तारेकडची फांदी बेचक्यापाशी, खोडालगतची फुगीर कड राखून कापा आणि दुसऱ्या अंगाच्या फांद्या ठेवा, म्हणजे झाड तारेपासून दूर वळतं. शेंडेछाटणी बंदच झाली पाहिजे.

केळीवाला: भाऊ, फीडरवर झाडं किती, माणसं किती? लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट मिळतं दोन-तीन तासांचं. तेवढ्यात फुगीर कड कोण शोधत बसणार? ४४-४५ अंशांच्या उन्हात केळीच्या पाण्याची पाळी चुकली की बाग माना टाकते. तारेखालचं झाड समूळ काढा, त्याबदल्यात लांब बांधावर पाच लावा. मी लावायला तयार आहे.

बांधावरचा आप्पा: समूळ काढा म्हणे! माझी चिंच आजोबांच्या हातची, लाइन नंतर आली. वीज कायदा २००३, कलम ६८ वाचा. लाइनला अडथळा होणारं झाड काढायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पण झाड लाइनच्या आधीचं असेल तर भरपाईही ठरवावी लागते. शिवाय चिंच, आंबा तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. आणि पाच रोपं म्हणजे एक चिंच नव्हे.

लाइनमनची लेक: तापीकाठ दादा, तुमची पद्धत बरोबर आहे, पण त्यासाठी माणूस जास्त वेळ तारेजवळ राहतो. परमिट मिळालं तरी माझे वडील तार मेली असं धरत नाहीत. कुणाच्या जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो. आधी तारेत करंट नाही ना याचं टेस्टिंग, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तार जमिनीला जोडणं), त्यानंतरच झाडावर. अशी कामं मेच्या घाईत नकोत, हिवाळ्यात काढा. आणि गावातल्यांनी शेळ्यांच्या पाल्यासाठी तारेजवळ आकडी (फांदी ओढायची आकड्याची काठी) चालवणं आधी थांबवावं. लोखंडी आकडीच काय, ओल्या बांबूतूनही करंट उतरतो. फांदी तारेला लागलेली दिसली तर झाडाला हात न लावता वीज तक्रारीच्या १९१२ या नंबरवर कळवा.

केळीवाला: ताई, हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी असतं, तेव्हाही लाइन बंद ठेवलेली कुणाला चालत नाही.

तापीकाठ: म्हणून तारीख आठवडाभर आधी सांगावी, माणूस पाण्याची पाळी बदलून घेतो. अचानक बंद केली की नुकसान होतं. वेळेबाबत ताईंचं पटलं, शेंडेछाटणीबाबत मी मागे हटणार नाही. नवीन लावणाऱ्यांनी तारेखाली निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर नकोच. सीताफळ, कढीपत्ता, तगर लावा.

केळीवाला: माझ्या बांधावर तारेखाली दोन निंब आहेत. पुढच्या परमिटला लाइनमन भाऊंना सांगून एक तुमच्या पद्धतीने कापून घेतो, दुसऱ्याचा शेंडा नेहमीसारखा उडवू. कोणता आधी तारेला लागतो, त्याचे फोटो इथेच टाकतो.