बीडीडी: कोड लिहिण्याआधी उदाहरणे ठरवलीच पाहिजेत का?

अर्धविराम

बीडीडी, म्हणजे बिहेवियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट. कोडला हात लावण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि त्या धंद्यातला जाणकार अशा तिघांनी एकत्र बसायचे, सॉफ्टवेअरने कुठल्या परिस्थितीत काय करायचे याची ठोस उदाहरणे ठरवायची आणि तीच पुढे ऑटोमेटेड टेस्ट म्हणून चालवायची. डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली. २००८ मध्ये अशी उदाहरणे टेस्ट म्हणून चालवणारे कुकुंबर हे साधन आले आणि जर-जेव्हा-तेव्हा या साच्यात परिदृश्ये लिहिण्याची पद्धत सर्वदूर पोचली. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी टेस्टिंग म्हणजे रिलीजच्या आदल्या आठवड्यात उरकायचे काम. माझे ठाम मत आहे की ज्या सॉफ्टवेअरमध्ये पैसा आणि कायदा गुंतलेला असतो, तिथे ही पद्धत ऐच्छिक ठेवू नये.

आमची टीम हॉटेलांसाठी बुकिंग आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वरवर पाहता हे पाच मिनिटांचे काम: तारीख आधीची असेल तर १२, नंतरची असेल तर ५. पण कुठली तारीख? सीजीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये तीन तारखा येतात: सेवा दिल्याची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची. त्यांतल्या दोन ज्या बाजूला पडतील त्या बाजूचा दर लागतो. म्हणजे कंपनीच्या खात्यावर उतरलेल्या पाहुण्याने २० तारखेला खोली सोडली, पण बिल २३ ला निघाले आणि पैसे त्यानंतर आले, तर मुक्काम जुन्या दराच्या काळातला असूनही कर नवीन दराने. डेव्हलपरला एकट्याला बसवले तर तो मुक्कामाची तारीखच धरणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. आम्ही अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवून हे लिहिले:

परिदृश्य: मुक्काम दरबदलाआधी, बिल आणि पैसे नंतर
जर पाहुण्याने २० सप्टेंबर २०२५ रोजी खोली सोडली
आणि खोलीचे रोजचे भाडे ४,००० रुपये आहे
जेव्हा बिल २३ सप्टेंबर रोजी निघते
आणि पैसे २५ सप्टेंबर रोजी बँकेत जमा होतात
तेव्हा जीएसटी ५ टक्के लागतो

हे मराठीत आहे आणि मागे कोड जोडला की टेस्ट म्हणून जसेच्या तसे चालते. कुकुंबरची गर्किन ही भाषा मराठी शब्द ओळखते. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा सांगितली की झाले. ज्यांना बीडीडी म्हणजे थोतांड वाटते त्यांनी सांगावे, हा नियम दुसऱ्या कुठल्या मार्गाने इतक्या लवकर पकडता आला असता?

माळरान

असहमत. नियम पकडला तो अकाउंट्सच्या माणसाने. कुकुंबरचा त्यात काय वाटा?

तीन तारखा, प्रत्येक आधीची किंवा नंतरची, म्हणजे एकूण आठ शक्यता. जेयुनिट किंवा पायटेस्टसारख्या साध्या टेस्टच्या साधनात पॅरामीटर देऊन लिहिलेली आठ ओळींची टेस्ट हे सगळे तपासते आणि सेकंदाच्या आत संपते. तुमच्या परिदृश्यातल्या प्रत्येक वाक्यामागे स्टेप डेफिनिशन, म्हणजे ते वाक्य चालवणारा कोड, लिहावी लागते आणि वाक्य ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा तसाच एखादा शब्दांचा साचा लागतो. एकाने 'खोली सोडली' लिहिले, दुसऱ्याने 'चेकआउट केले' लिहिले, की एकाच अर्थाच्या दोन स्टेप तयार. दोन वर्षांनी अशा शेकडो स्टेप साठतात आणि कुठली काढली तर काय मोडेल हे कुणालाच सांगता येत नाही. मी असे प्रोजेक्ट सांभाळले आहेत. ती परिदृश्ये धंद्यातला एकही माणूस कधी उघडून बघत नव्हता. डेव्हलपरच लिहायचे, डेव्हलपरच वाचायचे. मग मधला हा थर कुणासाठी?

खडूफळा

माळरान, स्टेपच्या गुंत्याबद्दल बोललात ते शंभर टक्के खरे, पण तो बहुतेक वेळा परिदृश्ये चुकीच्या पातळीवर लिहिल्याने होतो. 'युजरनेम भरले, पासवर्ड भरला, निळे बटण दाबले' अशी परिदृश्ये मी नव्या मुलांच्या कोडमध्ये सतत बघते. ती स्क्रीनची वर्णने आहेत, त्यांत नियम कुठेच नाही. स्क्रीन बदलली की सगळी मोडतात. अर्धविरामांचे परिदृश्य बघा, त्यात बटण नाही, पान नाही. मोबाइल ॲप असो, वेबसाइट असो की रिसेप्शनवरचा संगणक, ते तसेच लागू राहते.

शिवाय असे परिदृश्य ब्राउझर न उघडता थेट करगणनेच्या कोडवर चालवता येते. कुकुंबर म्हणजे सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारे साधन) हा समज आपल्या क्लासेसनी पसरवला आहे. मुलाखतीतही दोन्ही एकाच दमात विचारतात.

माळरान

खडूफळाताई, परिदृश्ये चांगली लिहिली तर चांगली चालतात, हे कुठल्याही पद्धतीबद्दल म्हणता येते. माझा प्रश्न तसाच राहिला. वाचणारा कोण?

तिसरी घंटा

मी सांगतो, कारण मी तो वाचणारा आहे. मी डेव्हलपर नाही, एका लॉजिंग-बोर्डिंगच्या साखळीचे हिशेब बघतो आणि सॉफ्टवेअरवाले आमच्याकडे येतात तेव्हा समोर मीच असतो.

अर्धविराम, वरचे परिदृश्य वाचल्यावर मला लगेच एक प्रश्न पडला. 'पैसे २५ सप्टेंबर रोजी बँकेत जमा होतात' असे तुम्ही लिहिले आहे. एरवी पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे वहीत नोंद झाल्याची किंवा बँकेत जमा झाल्याची, यांतली जी आधीची असेल ती. पण कलम १४ ला एक परंतुक आहे. दर बदलल्यापासून चार कामाच्या दिवसांनंतर रक्कम बँकेत जमा झाली, तर बँकेत जमा झाल्याची तारीखच धरायची. आता समजा पाहुण्याने १९ तारखेला चेक दिला, तुम्ही त्याच दिवशी वहीत नोंद केली, आणि तो वटला ऑक्टोबरमध्ये. पैसे आधी आले की नंतर? परंतुकाप्रमाणे नंतर. मुक्काम आधीचा आणि बिल नंतरचे असेल, तर या एका चेकवरून दर १२ चा ५ होतो. तुमच्या आठ शक्यतांत हे आहे का?

माळरान, तुमची पायटेस्ट माझ्यासमोर ठेवली असती तर मला हे दिसले नसते. कंस, स्वल्पविराम, ट्रू-फॉल्स यांत मी तारखा शोधत बसलो असतो. वरचे सहा ओळींचे मराठी मी एकदा वाचले आणि 'जमा' या शब्दाशी अडलो.

अर्धविराम

हे आमच्याकडे नाही. उद्याच घेतो. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी कॉर्पोरेट खाती डोळ्यांसमोर ठेवून उदाहरणे दिली, तिथे सगळे पैसे ऑनलाइन येतात, त्यामुळे चेकचा विषयच निघाला नाही.

माळरान

तिसरी घंटा यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. वाचणारा कोण याचे उत्तर मिळाले. तरी मी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही.

तुम्हाला वाचायला सोपे हवे होते, गर्किनच हवे होते असे नाही. हीच उदाहरणे एक्सेलच्या तक्त्यात मांडली असती तर? पाच रकाने: मुक्काम, बिल, वहीत नोंद, बँकेत जमा, अपेक्षित दर. हिशेबाचा माणूस तक्ता परिदृश्यापेक्षा जास्त सहज वाचतो, त्याचे आयुष्यच त्यात जाते. तीच फाइल टेस्टने वाचायची, प्रत्येक ओळ एक टेस्ट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ मध्ये फिट नावाचे साधन बनवले ते याच कल्पनेवर, तक्त्यातली उदाहरणे थेट कोडवर चालवायची. स्टेप डेफिनिशनचे जंगल वाढत नाही आणि संवाद तेवढाच होतो.

तिसरी घंटा

तक्ता चालेल. उलट मला तोच आवडेल.

सांजवारा

चर्चा बिलिंगवर चालली आहे म्हणून सगळे सोपे वाटते आहे. तारखा आत, दर बाहेर. आमच्याकडे अर्ध्या टेस्ट ब्राउझरमधून चालतात आणि दर दोन दिवसांनी कुठलीतरी विनाकारण लाल, म्हणजे नापास, होते. पुन्हा चालवली की हिरवी. गुगलने २०१६ मध्ये लिहिले होते की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये असा थोडाफार बेभरवशीपणा आहे. त्यांच्याकडे ही अवस्था, तर बारा जणांच्या टीमने काय करायचे? हळूहळू लोक लाल रंगाकडे बघायचेच थांबतात, आणि ज्या दिवशी खरी चूक असते त्या दिवशीही 'पुन्हा चालव' म्हणून मोकळे होतात. ऑटोमेशन जितके वाढवले तितका आमचा रिलीजवरचा विश्वास कमी झाला, हे मी मनापासून सांगते आहे. मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्या दोन मुली होत्या तेव्हा बरे होते. त्यांना काय बघायचे ते कळत होते.

खडूफळा

सांजवारा, त्या मुलींना काढले हीच मोठी चूक झाली. ऑटोमेशन आले की मॅन्युअल टेस्टर नकोत, हा हिशेब मॅनेजमेंट करते आणि भोगतो प्रोजेक्ट. मशीन आधी ठरवलेलेच तपासते. न ठरवलेले शोधायला माणूस लागतो, आणि बीडीडीच्या त्या तिघांच्या बैठकीत 'चेक वटलाच नाही तर?' असे विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा टेस्टरच असते.

ब्राउझरच्या टेस्टबद्दल मात्र माझे मत कडक आहे. माइक कोन यांनी टेस्ट पिरॅमिड मांडला त्याला बराच काळ लोटला: तळाशी कोडच्या एकेका तुकड्याच्या भरपूर युनिट टेस्ट, मधे सर्व्हिसच्या, आणि टोकाला यूआयच्या, म्हणजे स्क्रीनवरून चालणाऱ्या, अगदी मोजक्या. तुमच्याकडे अर्ध्या टेस्ट ब्राउझरमधून चालतात म्हणजे पिरॅमिड उलटा उभा आहे. लॉगिन, बुकिंग, पेमेंट असे चार-सहा महत्त्वाचे मार्ग ब्राउझरमधून तपासा, बाकी सगळे खाली ढकला. जी टेस्ट विनाकारण लाल होते ती त्याच दिवशी मुख्य बिल्डमधून बाजूला काढा, आणि दुरुस्त झाल्याशिवाय परत घेऊ नका. आणि कोडमध्ये 'पाच सेकंद थांब' असे लिहिलेले दिसले तर आधी तिथे बघा. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी हवी ती गोष्ट पानावर दिसेपर्यंत थांबायला सांगा. आमच्याकडच्या बऱ्याचशा फ्लेकी, म्हणजे बेभरवशाच्या, टेस्ट तेवढ्यानेच सुधारल्या.

माळरान

यावर पूर्ण सहमत.

गच्चीवरून

मी सर्व्हिस कंपनीत आहे. आमच्याकडे क्लायंटच्या करारातच ८० टक्के कव्हरेजची, म्हणजे कोडच्या तेवढ्या ओळी टेस्टमधून चालल्याच पाहिजेत अशी, अट आहे. परिणाम असा की टेस्ट फंक्शन बोलावते, ओळी चालून जातात, आकडा वाढतो, पण उत्तर काय आले ते कुणी तपासतच नाही. एकही असर्ट, म्हणजे उत्तर तपासणारी ओळ, नसलेल्या टेस्ट मी फाइलच्या फाइल पाहिल्या आहेत. आता तर एआयला सांगितले की कव्हरेज तासाभरात भरते. एआय टेस्ट लिहितो ती समोरचा कोड बघून. कोडमध्ये मुक्कामाची तारीख धरली असेल तर टेस्टही मुक्कामाचीच तारीख धरणार आणि सगळे हिरवे. चुकीवर शिक्कामोर्तब.

म्हणून मला अर्धविरामांची बाजू पटते. उदाहरण कोडमधून येता कामा नये. ते कायद्यातून किंवा त्या कामात मुरलेल्या माणसाकडून आले पाहिजे.

अर्धविराम

गच्चीवरून यांनी नेमके सांगितले. यावर मला एरियान ५ आठवते. ४ जून १९९६ रोजी ते रॉकेट उड्डाणानंतर जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचा कोड एरियान ४ मधून उचललेला होता. त्यात ६४ बिटची एक संख्या १६ बिटमध्ये बसवली जायची. एरियान ४ च्या मार्गावर ती संख्या कधी तेवढी मोठी व्हायचीच नाही, म्हणून तिथे संरक्षण ठेवले नव्हते. एरियान ५ चा आडवा वेग बराच जास्त होता. जुन्या गरजेप्रमाणे कोड बरोबरच होता. नवीन रॉकेटचा मार्ग त्या यंत्रणेच्या गरजांच्या कागदात घातलाच नव्हता. नवीन मार्गावर ती संख्या मावेल का, हा प्रश्न आधीच एकत्र बसून विचारायचा होता.

माळरान

त्याच अपघाताच्या चौकशीत असेही निघाले की एरियान ५ चा मार्ग घालून यंत्रणेची जमिनीवर चाचणी घेणे शक्य होते आणि ती घेतली असती तर दोष उघडा पडला असता. म्हणजे नुसती बैठक पुरत नाही, बैठकीतला मार्ग यंत्रणेवर चालवावाही लागतो. टेस्ट हवीच, हे मी पहिल्यापासून म्हणतो आहे. माझा विरोध मधल्या थराला आहे.

२०१४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी टीडीडी, म्हणजे आधी टेस्ट आणि मग कोड ही पद्धत, मेली असे जाहीर केले, त्यावर ती पद्धत रुजवणारे केंट बेक आणि सॉफ्टवेअरवरचे लेखक मार्टिन फाउलर त्यांच्याशी जाहीरपणे बोलायला बसले. हॅन्सन यांची तक्रारही टेस्टबद्दल नव्हती, टेस्टच्या सोयीसाठी कोडमध्ये वाढत जाणाऱ्या थरांबद्दल होती. माझी तक्रार त्याच जातीची आहे.

अर्धविराम

तर मग आपण इतके दूर नाही. करगणनेसाठी तक्ता वापरून बघायला मी तयार आहे. पण बुकिंग रद्द करण्याचे नियम तक्त्यात बसत नाहीत. तिथे घटनांचा क्रम असतो: आगाऊ रक्कम भरली, तारीख बदलली, मग रद्द केले, अर्धी रक्कम आधीच परत गेलेली. असा क्रम वाक्यांतच नीट सांगता येतो. तिथे मी गर्किन सोडणार नाही.

माळरान

क्रम असेल तिथे ठेवा. फक्त स्टेपचा शब्दसंग्रह एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. 'खोली सोडली' असेल तर सगळीकडे 'खोली सोडली'. रिव्ह्यूमध्ये नवीन स्टेप दिसली की पहिला प्रश्न हाच, की जुनी चालली नसती का?

तिसरी घंटा

अर्धविराम, चेकचे उदाहरण तक्त्यात घालताना एक काळजी घ्या. चार कामाचे दिवस मोजताना शनिवार-रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या येतात. सुट्ट्यांची यादी कोडमध्ये लिहून ठेवू नका, ती बाहेरून भरता आली पाहिजे. सव्वीस तारखेला जमा झालेला चेक आणि एकोणतीस तारखेला जमा झालेला चेक अशा दोन वेगळ्या ओळी करा.

अर्धविराम

दोन्ही ओळी घालतो. तक्ता तयार झाला की इथेच डकवतो. कोडआधी तुम्ही एकदा नजर टाका.