यूपीआयच्या नोंदी एचलेजरमध्ये आपोआप योग्य खात्यांत कशा लावाव्यात?

गिरगावकर: घरचा जमाखर्च मी एचलेजर या साध्या मजकूर फाइलींत हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो आणि दरमहा बँकेच्या खातेउताऱ्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल आयात करतो. नोंदीतला शब्द पाहून ती कोणत्या खात्यात जावी, हे मी लिहिलेले नियम ठरवतात. दूध, भाजी, इस्त्री असे सारेच यूपीआयने दिले जात असल्यामुळे उताऱ्यात दुकानाऐवजी मालकाचे नाव येते, तेही अर्धवट तुटलेले. त्यातच मुंबईत वीज पुरवणाऱ्या ‘बेस्ट’च्या बिलासाठी ‘बेस्ट’ हा शब्द शोधणारा नियम लिहिला, तर ज्या शिंप्याच्या पाटीवर ‘बेस्ट’ आहे त्याची शिलाईही वीजखर्चात जाऊन बसली. नियम वाढवत जाणे हाच उपाय आहे का?

खतावणी: नियम नावावर न बांधता यूपीआय आयडीवर बांधावेत, आयडीही तुटून येत असेल, तर जेवढी अक्षरे दर वेळी येतात तेवढीच घ्यावीत. शिंप्याचा घोळ क्रमाने सुटतो. एका नोंदीला अनेक नियम जुळले, तर एचलेजर ते सगळे लावतो आणि खाते मात्र फाइलमधल्या शेवटच्या जुळणाऱ्या नियमाचे धरतो. म्हणून ‘बेस्ट’चा ढोबळ नियम वर आणि शिंप्याचा नेमका नियम त्याच्या खाली लिहावा. कार्डावरचे खर्च वेगळे नोंदवत असाल, तर क्रेडिट कार्डाचे बिल भरल्याची नोंद खर्चात न टाकता कार्डाच्या देणे-खात्यात वळवावी, नाहीतर तोच खर्च दोनदा मोजला जातो.

दादर पश्चिम: मी बीनकाउंट हा एचलेजरसारखाच दुसरा प्रोग्रॅम वापरतो. त्याच्यासाठी असलेले स्मार्ट इंपोर्टर हे जोडसाधन जुन्या नोंदींवरून शिकून खाते सुचवते, त्यामुळे नियम लिहिण्याचे कष्ट वाचतात. मात्र जुन्या नोंदी चुकलेल्या असतील, तर ते त्या चुकाही इमानेइतबारे गिरवते. शिवाय आमच्या चाळीच्या खजिनदारांच्या एकाच आयडीवर देखभालीचे पैसेही जातात आणि गणपतीची वर्गणीही, तिथे आयडीचा नियम काय करणार? मी पैसे पाठवतानाच शेऱ्यात ‘वर्गणी’ असे रोमन लिपीत लिहितो. माझी बँक तो शेरा उताऱ्यात छापते, तुमची छापते का ते आधी पाहा.

गिरगावकर: दोघांचेही आभार. शिंपी वीजखात्यातून बाहेर पडला. शेरा मात्र माझी बँक पहिल्या चार अक्षरांवरच तोडते, त्यामुळे आता वर्गणीसाठी ‘गण’ आणि देखभालीसाठी ‘देख’ एवढेच लिहायचे ठरवले आहे.