उसवणीसाठी ब्लेड की सीम रिपर?

शिलाई उसवायला दाढीचे अर्धे ब्लेड पुरेसे असते, वेगळी सीम रिपर (टाके उसवायचे दोन टोकांचे छोटे हत्यार) कशाला, असे काहीजण म्हणतात. हे मत सराईत शिंप्यांच्या हाताला लागू पडते. पण गोधडीचे किंवा क्विल्टचे तुकडे जोडताना टीप साधारण 2 ते 2.5 मिलिमीटरची, म्हणजे बरीच बारीक असते, आणि तिथे ब्लेड घसरले की कापडच चिरते. म्हणून सीम रिपर घेताना मी सर्वात आधी तिच्या लांब टोकाकडे पाहते. ते जाड असेल तर टाक्याखाली शिरतच नाही, आणि जोर लावला की सुती कापडाचे धागे ओढले जातात. धार असते ती दोन टोकांमधल्या खाचेत. आखूड टोकावरचा लाल मणी केवळ शोभेचा नसून, दोन कापडांच्या मधून रिपर पुढे सरकवताना तो कापडाला टोचण्यापासून वाचवतो. मशीनबरोबर फुकट मिळणारी छोटी रिपर माझ्या बोटांना कधीच मानवली नाही. मूठ जाड आणि न घसरणारी हवी. क्लोव्हर या जपानी कंपनीची रिपर मला बारीक टोकामुळे आवडते.

एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला, तर तो सलग निघून येतो. काज कापताना मात्र शेवटच्या आडव्या टाक्यांच्या अलीकडे टाचणी लावावी, म्हणजे रिपर पुढे धावत नाही. दोरा कापण्याऐवजी ओढला जाऊ लागला की धार गेली असे समजून नवी रिपर घ्यावी.